ड्रिलच्या पॅकमधले लिथियम सेल जोडायचे कसे: डाग द्यायचा की स्पॉट वेल्ड?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉर्डलेस ड्रिलचा १८ व्होल्टचा पॅक गेला. आतले पाच १८६५० सेल काढून तुम्ही नवे आणले. स्पॉट वेल्डर (क्षणभर मोठा प्रवाह सोडून पट्टी सेलला चिकटवणारं यंत्र) नाही म्हणून २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने दोन सेलना वायर लावली. त्यातल्या एकाच्या ऋण टोकाला डाग बसेना, अर्धा मिनिट बिट (आयर्नचं तापलेलं टोक) टेकवून ठेवावा लागला आणि सेलचं प्लॅस्टिकचं आवरण कडेला आकसलं. आता उरलेले तीन असेच करू का, की वेल्डर घेऊ, आणि घेतला तर सेल जोडणारी निकेलची पट्टी कोणती लावू?

थांबा. उरलेल्या तिघांना आयर्न लावू नका. वायर लावलेल्या दोघांचं काय करायचं ते शेवटी सांगतो, कारण मधलं समजल्याशिवाय ते पटणार नाही.

सांधा म्हटलं की आपण आधी तो घट्ट बसला का ते बघतो. ओढून पाहतो, हलवून पाहतो, निघाला नाही की खूश. सेलच्या बाबतीत हा प्रश्न तिसऱ्या नंबरचा. त्याआधी दोन प्रश्न येतात. सांधा करताना सेलच्या पोटात किती उष्णता गेली? आणि पुढे ड्रिल चालताना तोच सांधा स्वतः किती तापणार? तुम्ही लावलेली वायर ओढून निघणार नाही, पण पहिल्या प्रश्नात ती नापास आहे. आणि उत्तम वेल्ड केलेली पण बारीक पट्टी दुसऱ्यात नापास होते. घरी बांधलेल्या बहुतेक पॅकचा घोटाळा या दोहोंपैकी एकात असतो.

१८६५० म्हणजे १८ मिमी व्यासाचा, ६५ मिमी लांबीचा, साधारण ४५ ग्रॅमचा डबा. डबा निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्याचा, तोही जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा. आत तांब्याची पातळ पट्टी, ॲल्युमिनियमची पातळ पट्टी आणि दोघींच्या मध्ये प्लॅस्टिकचा पडदा, अशी वळकटी घट्ट गुंडाळून कोंबलेली असते. पडदा पॉलिइथिलिनचा किंवा पॉलिप्रॉपिलिनचा, डोक्याच्या केसापेक्षा पातळ. ऋण आणि धन बाजू एकमेकींना भिडू न देण्याचं सगळं काम तो एकटा करतो. पॉलिइथिलिन १३० अंशांच्या आसपास वितळतं. आता आपलं नेहमीचं शिसं-कथिलाचं सोल्डर १८३ अंशांच्या पुढे वितळतं, बिनशिशाचं तर २१७ च्या पुढे. म्हणजे डाग नीट पसरला, चकचकीत बसला, याचा अर्थच असा की डब्याचा तो पत्रा १८३ च्या वर गेला होता. आणि ऋण टोकाला त्या पत्र्याच्या लगेच पलीकडे वळकटीची कड असते.

इथे तापमान आणि उष्णता या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की सगळं उलगडतं. २५ वॉटचं आयर्न ३० सेकंद टेकवलं तर फार तर ७५० ज्यूल उष्णता सेलमध्ये गेली. ती सगळ्या सेलभर सारखी पसरली असती तर सेल पंधरा-सोळा अंशांनी तापला असता, काहीच बिघडलं नसतं. पण ती पसरत नाही. तळाशी साचते आणि वळकटीच्या कडेला अर्धा मिनिट शिजवत बसते. स्पॉट वेल्डमध्ये नेमकं उलटं घडतं. निकेल १४५५ अंशांना वितळतं, वेल्डचा ठिपका त्या आसपास पोचतो, म्हणजे सोल्डरपेक्षा कितीतरी गरम. पण सगळा मामला काही मिलिसेकंदांचा आणि काही दहा ज्यूलचा. वेल्ड झाल्या झाल्या त्या जागी बोट ठेवा, कोमटसुद्धा लागत नाही.

यावरून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती बऱ्याच जणांना उलटी वाटते: लहान आयर्न सेलसाठी मोठ्या आयर्नपेक्षा जास्त घातक. बारीक बिटात साठलेली उष्णता पत्रा क्षणात ओढून घेतो, बिट थंड पडतो, सोल्डर गोळा होऊन बसतं आणि आपण बिट दाबून धरतो. तुमच्या बाबतीत हेच झालं.

धन टोकाला वळकटी थेट चिकटलेली नसते म्हणून तिथे डाग चालतो, असं काही जण सांगतात. अर्धं खरं आहे. टोपीखाली दाब वाढला की फुटणारी पातळ चकती असते, तीच प्रवाहही तोडते. काही सेलमध्ये गरम झाल्यावर प्रवाह रोखणारी आणखी एक चकती असते. आणि या सगळ्याभोवती प्लॅस्टिकची गॅस्केट, जिच्यावर सेल बंदिस्त आहे. ती मऊ पडली की सेल हळूहळू गळतो. गोडसर, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला तर समजा इलेक्ट्रोलाइट, म्हणजे सेलमधलं द्रव रसायन, बाहेर पडतोय. तो सेल संपला.

निकेल-कॅडमियम आणि निकेल-मेटल हायड्राइडची गोष्ट थोडी वेगळी. जुन्या ड्रिलमधल्या १.२ व्होल्टच्या जाडजूड सेलना मी वर्षानुवर्षं डाग दिले आहेत आणि ते टिकले आहेत. मात्र ८० ते १०० वॉटचं जाड बिटाचं आयर्न, सेलचं टोक पॉलिश पेपरने घासून खरखरीत केलेलं, राळेचा फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचा लेप), सेल आणि वायर दोन्हींवर आधीच सोल्डर चढवलेलं, आणि मग दोन-तीन सेकंदांत खेळ खल्लास. तीन सेकंदांत जमलं नाही तर हात मागे घ्यायचा, सेल पूर्ण गार होऊ द्यायचा, मग पुन्हा. या सवयीच्या जोरावर लोक लिथियमला आयर्न लावतात, आणि बहुतेकदा लगेच काही होतही नाही. तोच तर त्रास आहे. पडदा थोडा आक्रसला तर सेल त्या दिवशी ४ व्होल्ट दाखवतो आणि तीन महिन्यांनी स्वतःहून उतरायला लागतो.

आता स्पॉट वेल्डर. पट्टीवर तांब्याच्या दोन टोकदार काड्या दाबायच्या आणि त्यांतून क्षणभर शेकड्यांनी, कधी हजारभर अँपिअर सोडायचे. एका काडीतून प्रवाह पट्टीतून खाली सेलच्या पत्र्यात उतरतो आणि दुसऱ्या काडीतून वर येतो. पट्टी आणि पत्रा जिथे टेकतात तिथे रोध सगळ्यात जास्त, म्हणून उष्णता तिथेच निघते. पण थोडा प्रवाह लबाडी करतो: खाली न उतरता पट्टीतूनच आडवा पळतो. म्हणून दोन काड्यांच्या मध्ये पट्टीला उभी चीर पाडलेली असली तर वेल्ड जास्त खोल बसतो. तयार चिरा असलेली पट्टी मिळते, नाही तर कात्रीने पाडा.

वेल्डर कुठला, यात मी फार शिरत नाही. कारच्या १२ व्होल्ट बॅटरीवर चालणारा छोटा सर्किट बोर्ड, किंवा आत कपॅसिटर असलेला तयार वेल्डर, दोन्हींनी काम होतं. घरच्या विजेवर चालणारे स्वस्त वेल्डर क्षणभर इतका करंट ओढतात की घरचा ब्रेकर पडू शकतो. मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर काढून वेल्डर बनवायचा मोह पुष्कळांना होतो, मलाही झाला होता. त्या ट्रान्सफॉर्मरची मूळ दुय्यम कॉइल २००० व्होल्टच्या घरात असते, आणि ओव्हन बंद असला तरी आतला कपॅसिटर भरलेला राहू शकतो. हा धक्का माणूस मारतो. पाच सेलचा एक पॅक बांधण्यासाठी हा उद्योग करू नका.

वेल्डर हातात आला की थेट नव्या सेलवर जायचं नाही. काढलेल्या जुन्या सेलचे डबे त्यासाठीच ठेवा. सेटिंग सगळ्यात खाली ठेवून वेल्ड मारा, पक्कडीने पट्टी सोला, आणि एकेक पायरी वर चढा. पट्टी नुसती सुटून आली तर वेल्ड कच्चा. पट्टी फाटली, तिला भोकं पडली आणि निकेलचे ठिपके सेलवरच चिकटून राहिले, तर तेच तुमचं सेटिंग. त्याच्या वर गेलात तर ठिणग्या उडतात, पट्टी जळून आरपार जाते, आणि पाव मिलिमीटरच्या पत्र्याचंही तेच होऊ शकतं. दाबाचंही गणित आहे. हात हलका पडला तर ठिणगी उडते, आणि फार दाबलं तर सांध्याचा रोध इतका कमी होतो की उष्णताच निघत नाही. दोन्ही काड्यांवर सारखा, मध्यम दाब. काड्यांची टोकं दर दहा-पंधरा वेल्डनंतर कानशीने साफ करा, काळी टोकं पट्टीला चिकटतात. प्रत्येक टोकाला दोन-तीन जोड्या, म्हणजे चार ते सहा ठिपके पुरे. डोळ्यांवर चष्मा हवाच.

पट्टीकडे येऊ, कारण दुसरा प्रश्न इथे सुटतो. बाजारात निकेलच्या नावाने दोन गोष्टी विकल्या जातात: शुद्ध निकेल, आणि निकेलचा मुलामा दिलेलं पोलाद. दिसायला जुळ्या बहिणी. लोहचुंबकाने फरक कळणार नाही, निकेललाही चुंबक ओढतं. पट्टीच्या तुकड्यावर कानशीने खोल ओरखडा काढा आणि मिठाच्या पाण्यात एक-दोन दिवस ठेवा. ओरखड्यात गंज धरला तर पोलाद. पोलादाचा रोध निकेलच्या दुपटीच्या घरात असतो, पण पोलाद वेल्ड छान होतं, म्हणून नवख्याला तेच आवडतं.

तुमच्या ड्रिलमध्ये पाच सेल एकामागोमाग आहेत, म्हणजे मोटर जितके अँपिअर ओढेल तितके सगळे प्रत्येक पट्टीतून जाणार. जोर लावल्यावर २० अँपिअर ही काही विशेष गोष्ट नाही. नेहमी मिळणारी ०.१५ मिमी जाड, ८ मिमी रुंद शुद्ध निकेलची पट्टी घ्या. शेजारच्या सेलपर्यंतचं अंतर दोन सेंटिमीटर धरलं तर तिचा रोध साधारण १.२ मिलिओहम. २० अँपिअरला तिच्यात जवळपास अर्धा वॉट उष्णता निघेल, आणि ती थेट सेलच्या टोकाला पोचेल. अर्धा वॉट ऐकायला किरकोळ वाटतो, पण उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते: ३० अँपिअरला तीच पट्टी एक वॉटच्या पुढे जाते. पोलादी असेल तर आणखी दुप्पट. म्हणून ड्रिलसाठी ०.२ मिमी जाड, १० मिमी रुंद पट्टी लावा, तुमच्या वेल्डरला झेपत असेल तर. नाही तर ०.१५ ची एकावर एक दोन. पहिली पूर्ण वेल्ड करायची, मग तिच्यावर दुसरी. दोन्ही एकदम वेल्ड करायला गेलात तर वरची बसते आणि खालची नुसती टेकलेली राहते.

तांब्याचा रोध निकेलच्या चौथ्या हिश्श्याएवढा, मग तांबंच का नको? कारण उष्णता सांध्यावर साचायला रोध लागतो, आणि तांब्यात तोच नाही. लहान वेल्डरने तांबं चिकटत नाही. तांब्याच्या पातळ पट्टीवर निकेल-मुलाम्याच्या पोलादाची पट्टी ठेवून दोन्ही एकत्र वेल्ड करण्याची युक्ती आहे, पण तिला दमदार वेल्डर लागतो. एका ड्रिलसाठी तिच्या वाटेला जाऊ नका.

आता ती जागा, जिथे पॅक पेटू शकतो, आणि जिच्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही. सेलच्या धन टोकाची टोपी मधोमध असते, पण तिच्याभोवतीची गोल कड ही डब्याचीच, म्हणजे ऋण. टोपी आणि कड यांच्यात जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची फट आणि कडेवर कागदासारखं पातळ आवरण. धन टोकावरून निघालेली निकेलची पट्टी याच कडेवरून शेजारच्या सेलकडे जाते. माझ्या हातचा एक पॅक कित्येक महिने व्यवस्थित चालला आणि मग एका दुपारी टेबलावर नुसता ठेवलेला असताना धुमसू लागला. उघडला तेव्हा दिसलं: पट्टीचा कोपरा मी कात्रीने कापला होता, त्याला बारीक खरड राहिली होती, आणि ड्रिलच्या थरथराटाने तिने आवरण करवतीसारखं कापत नेलं होतं. तेव्हापासून एकही सेल मी इन्सुलेशनच्या कागदी रिंगशिवाय लावत नाही. चिकट पाठीच्या तयार रिंगा मिळतात, फिश पेपर किंवा बार्ली पेपर म्हणून. प्रत्येक धन टोकाला एक. पट्टीचे कोपरे कानशीने गोल करा. आणि ज्या सेलचं आवरण आकसलंय, फाटलंय, त्याला आधी नवी हीट श्रिंक (गरम हवेने आकसून घट्ट बसणारी प्लॅस्टिकची नळी) चढवा.

वेल्डर घ्यायचाच नसेल तर सरळ वाट एकच: कारखान्यातून टोकांना निकेलच्या शेपट्या वेल्ड करून आलेले सेल घ्या. मग डाग द्यायचा तो शेपटीला, सेलला नाही. दोन शेपट्यांची टोकं एकमेकींवर सेंटिमीटरभर चढवा, दोन्हींवर आधी सोल्डर चढवून घ्या, आणि सेल व डाग यांच्यामध्ये शेपटीला एक धातूचा चिमटा लावा म्हणजे उष्णता तोच पिऊन टाकेल. निकेलवर राळेच्या फ्लक्सने सोल्डर सहज धरतं, ॲसिडचा फ्लक्स नको, तो पुढे गंज आणतो. मात्र शेपटीची जाडी-रुंदी वरच्या हिशेबाने तपासा. बारीक असेल तर तिच्या अंगालगत, सेलपासून दूर, तांब्याची जाड वायर सोल्डर करून जोड द्या. स्प्रिंगचे सेल होल्डर, लोहचुंबकाने दाबलेल्या वायरी, वीजवाहक गोंद, हे टॉर्चला ठीक, ड्रिलला नाही.

बांधणीला बसण्यापूर्वी पाचही सेलचे व्होल्ट मोजा. नवे, एकाच जातीचे असतील तर ते ३.५ ते ३.६ व्होल्टच्या आसपास आणि एकमेकांपासून व्होल्टच्या शंभराव्या हिश्श्याच्या फरकात असायला हवेत. एखादा २ व्होल्टच्या खाली आढळला तर चार्ज करून वापरायचा विचारही नको. पूर्ण चार्ज केलेले सेल बांधायला घेऊ नका, काही चुकलंच तर आत जितकी ऊर्जा कमी तितका भडका कमी. अंगठी, घड्याळ, कडं काढा. पॅक उलटताना आधी झालेली बाजू कागदाने किंवा टेपने झाका. खालची बाजू जिवंत असते आणि टेबलावर एखादा कात्रीचा तुकडा पडलेला असतोच.

ड्रिलच्या पॅकमध्ये बीएमएसचा (प्रत्येक सेलच्या व्होल्टवर नजर ठेवणाऱ्या सर्किटचा) बोर्ड असतो आणि त्याच्या बारीक वायरी प्रत्येक सांध्याला जातात. त्या पट्टीला सोल्डर करायच्या असतात, तेव्हा पट्टी कापतानाच सेलच्या बाहेर सेंटिमीटरभर शेपूट सोडा आणि वायर तिथे वेल्डच्या आधीच सोल्डर करून घ्या. मग सेलजवळ आयर्न न्यायची वेळच येत नाही. बोर्डात प्लग घालण्यापूर्वी प्लगमध्येच मीटर लावून पाहा: पॅकच्या ऋण टोकापासून ३.६, ७.२, १०.८, १४.४, १८, असे चढते आकडे यायला हवेत. एखादी वायर अदलाबदल झाली असेल तर इथे कळते, नाही तर बोर्डाच्या धुरातून कळते. वायरी सुट्या असतील तर ऋण टोक आधी, मग क्रमाने वर. लॅपटॉपच्या पॅकवर हाच प्रयोग करायचं मनात असेल तर एवढंच सांगतो, त्याचा बोर्ड सेल सुटले की कायमचा रुसून बसू शकतो, आणि नवे सेल घालूनही उठत नाही.

सांधे चांगले झाले की नाही ते बघण्यापेक्षा मोजा. कारच्या हेडलाइटचे १२ व्होल्ट, ५५ वॉटचे दोन बल्ब एकामागोमाग जोडून पॅकवर लावा, ४ अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहील. मीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवा. एक टोक पट्टीवर, वेल्डच्या अगदी जवळ, आणि दुसरं त्याच सेलच्या त्याच टोकाच्या पत्र्यावर (धन टोकाला टोपीवर), पट्टीला न लागता. चांगला सांधा एक मिलिव्होल्टच्या आत राहतो. आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची: दहा सांध्यांपैकी नऊ सारखे आणि एक तिप्पट दाखवत असेल, तर तो सोलून पुन्हा करा. बल्ब प्रचंड तापतात, प्लॅस्टिकवर ठेवू नका.

आता तुमचे ते दोन सेल. अर्धा मिनिट तापलेला आणि आवरण आकसलेला सेल मी पॅकमध्ये घालणार नाही. घराबाहेर धातूच्या डब्यात ठेवा आणि ई-कचऱ्यात द्या, टोकांना टेप लावून. दुसऱ्याला दोन-तीन सेकंदांतच डाग बसला असेल, तर वायर पक्कडीने पत्र्यालगत कापा, उरलेलं सोल्डर कानशीने घासून काढा. वितळवून काढायला जाऊ नका, ती दुसऱ्यांदा उष्णता. मग तो ३.६ व्होल्टच्या आसपास ठेवून व्होल्ट तिसऱ्या दशांशापर्यंत लिहून घ्या. शेजारी न डागलेला एक नवा सेलही ठेवा, त्याचेही लिहा. तीन आठवड्यांनी दोन्ही पुन्हा मोजा, शक्यतो तितक्याच गरम-थंड हवेत. दोघे सारखे उतरले असतील तर तो टॉर्चमध्ये एकटा वापरायला हरकत नाही. ड्रिलसाठी त्याच जातीचे दोन नवे घ्या.